भाषा निवडा

रविवारी उचगावला पोचते तेव्हा
कट्ट्यावर तीन फोन आधीच मांडलेले असतात,
पूजेला सुपाऱ्या मांडाव्यात तसे,
आणि एक रिमोट, पाठीला रबरबँड.
आई म्हणते, आधी चहा घे.
चहाच्या कपाखाली मावशीचं आधार कार्ड.

मी उद्यमबागेत फाउंड्रीच्या ऑफिसात बिलं करते,
माझं कॉम्प्युटरचं शिक्षण तेवढंच.
पण कधीतरी काकीचा मेलेला फोन
बॅटरी काढून परत घातली, आणि तो जगला.
तेव्हापासून सुटका नाही.

"रेणे, हे बघ गे, काय आलंय?"
कन्नडमधे आहे. लाईट बिल.
"आणि हे?"
दोन हजार जमा झाले तुझे.
"आणि हे?"
हे लुबाडणारे आहेत मावशी, त्याला बोट लावू नको.
"लावलं की."

नवा फोन उघडला की पहिल्यांदा विचारतो: भाषा निवडा.
बाकीच्या गावांत हे दोन सेकंदांचं काम असेल.
आमच्यात तेवढ्यावर चहा दोनदा होतो.
बाबांना मराठी करून दिलं,
तर रात्री साडेदहाला फोन:
"अनुमती नाकारा म्हणजे मी काय करू?"

गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात उभं राहिलं की
चंदगडकडचा टॉवर लागतो
आणि महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येतो.
जिना उतरेपर्यंत परत कर्नाटक.
परशरामतात्या ते मेसेज पुसू देत नाहीत.
चौदा झालेत.

तात्या, बाबांचे थोरले.
मोर्च्यात लाठी बसलेली, उजवा खांदा अजून वर जात नाही.
कन्नड कळतं त्यांना. बोलत नाहीत.
बाजारात भाव बोटांनी करतात.
लेकानं बैलहोंगलच्या अन्नपूर्णाशी लग्न केलं तेव्हा
हॉलवर गेले, अक्षता टाकल्या, जेवले नाहीत.
त्याला चार वर्षं झाली.
ती हुबळीला असते. सातवा चालू आहे.

या रविवारी सगळी जेवून कलंडल्यावर
तात्या परसात आले, नारळाखाली,
फोन रुमालात गुंडाळलेला.
"जात नाही बघ."
काय जात नाही?
"जात नाही म्हटलं की."

कीबोर्ड कन्नड.
रिचार्जवाल्या पोराकडून बसवून घेतला म्हणे, पन्नास रुपयांत.
मला नाही सांगितलं. तेवढं लागलं जरा.
खाली तोच मेसेज चार वेळा, चारही अडकलेले:
ऊठ आयत.
मराठी डोळ्यानं वाचलं तर
कुणाला तरी झोपेतून उठवतायत असं वाटेल.
ऊट आयता म्हणायचं होतं. जेवलीस का.
ट चा ठ झालेला, शेवटचा काना राहिलेला.

कन्नडच्या तासाला तळव्यावर पट्ट्या खाऊन
शिकलेय मी ही अक्षरं.
बोट गेलंच होतं दुरुस्तीला.
मग नुसता डेटा चालू केला.

चारही सुटले, एकामागून एक.
"चारी गेले?"
चारी.
"अगे! परत आणता येतात काय?"
येतात. आणू?
तात्या नारळाच्या बुंध्यावरची कसली तरी साल
नखानं काढत राहिले.

उत्तर आलं ते बोललेलं होतं, अठ्ठावीस सेकंद.
कुठं दाबायचं दाखवलं,
फोन त्यांच्या कानाला लावला आणि मागं सरले.
काय होतं त्यात मला माहीत नाही.
दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावलं,
डाव्या हातानं, बरोबर.

"रेणे, कुणाला हे..."
सगळ्यांचे पिन मला पाठ आहेत तात्या, म्हटलं,
आजवर कुणाचा कुणाला सांगितलाय?

आतून हाक आली, टीव्ही लागत नाही.
गेले.
रिमोटमधे सेल उलटे घातले होते.